पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव स्ट्रिंगमध्ये असेल तर त्याची व्हॅल्यू कशी काढायची?

मार्क्स_१ ते मार्क्स_४० असे व्हेरिएबल केलेत आणि आता लूपमध्ये नाव जुळवून व्हॅल्यू काढायचीय, असं तुम्ही लिहिलंय. ग्लोबल्स() एक डिक्शनरी देतं, तिला ते नाव दिलं की व्हॅल्यू मिळते. पण हे करू नका. ४० मुलांच्या मार्कांना लिस्ट करा, नावानं हवे असतील तर डिक्शनरी.

एवढं ठणकावून सांगतोय कारण एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये याच प्रकारानं आमची झोप उडवली होती. काम पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत होतं, आणि तिथे तर $$नाव लिहिलं की $नावमध्ये ज्या व्हेरिएबलचं नाव असेल त्याची व्हॅल्यू मिळते, भागतं. आमच्या सीनियर सरांची ही लाडकी सोय. कॉन्फिग फाइलमध्ये $रेट_एफडी, $रेट_आरडी, $रेट_पिग्मी असे व्याजदर ओळीनं मांडलेले, आणि व्याजाच्या फाइलमध्ये 'रेट_'ला टेबलातला खात्याचा प्रकार चिकटवून दर उचलायचा. नवीन आलेल्या पोराला साफसफाईला बसवलं. त्यानं अख्ख्या प्रोजेक्टमध्ये रेट_पिग्मी सर्च केलं, ते फक्त कॉन्फिगमध्येच सापडलं. वापरात नाही म्हणून उडवलं. पीएचपीनं तेव्हा नुसती नोटीस दिली असती, तीही सर्व्हरवर बंद. नसलेल्या व्हेरिएबलची व्हॅल्यू नल, म्हणजे काहीच नाही, आणि नल गुणिले काहीही, शून्य. सहामाही व्याज पडलं तेव्हा पिग्मीवाल्यांच्या खात्यात काहीच नाही, आणि एजंट दुकानदारांच्या शिव्या खाऊन थेट ऑफिसात.

सर त्या पोरावर घसरले, "न बघता डिलीट करतोसच कसा?" मी म्हटलं, सर, बघूनच केलंय, दिसेल असं काही ठेवलंच नव्हतं. $रेट नावाचा एकच अ‍ॅरे (पीएचपीतली डिक्शनरीच) असता तर सर्चमध्ये व्याजाची फाइल पहिल्या फटक्यात आली असती. यावर त्यांचं ठरलेलं, "भाषेनंच सोय दिलीय ना?" भाषा सोयी देते तशा काढूनही घेते. फॉर्ममधली नावं आपोआप व्हेरिएबल करणारी रजिस्टर ग्लोबल्सची सोय पीएचपीनंच २००२ मध्ये ४.२ पासून डिफॉल्ट बंद ठेवली आणि २०१२ मध्ये ५.४ मधून काढून टाकली. सरांनी मात्र डिक्शनरीतल्या नावांचे व्हेरिएबल करणारं एक्स्ट्रॅक्ट() वापरून ती परत आणली होती, तो वेगळाच विषय.

हां, ऑब्जेक्टच्या अ‍ॅट्रिब्यूटसाठी पायथनचं गेटॲट्र() बिनधास्त वापरा, नावावरून व्हॅल्यू काढायला ते त्यासाठीच आहे. फंक्शनमध्ये लोकल्स()मध्ये, म्हणजे तिथल्या व्हेरिएबलांच्या डिक्शनरीत, लिहून व्हेरिएबल बदलेल अशी आशा ठेवू नका. स्ट्रिंगलाच कोड म्हणून चालवणाऱ्या इव्हॅल()च्या वाटेला तर जाऊच नका, युजरनं टाइप केलेलं काही त्यात जाणार असेल तर मुळीच नाही.

आणि डिक्शनरीनं कोड लांबतो म्हणणारा कुणी भेटलाच, तर आमच्या त्या कॉन्फिगमध्ये नेमक्या दोन ओळी वाढल्या असत्या: एक कंस उघडायची, एक बंद करायची.