लुटुपुटूचा पुरस्कार

प्रश्न असा आहे: वेब डिझाइनवर लिहिणाऱ्या ब्लॉगर मंडळींनी एकमेकांना गमतीनं दिलेल्या पुरस्कारांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. मूळ शब्द ‘मॉक अवॉर्ड्स’. आधी ‘उपहासात्मक पुरस्कार’ लिहिलं, ते बोचरं वाटलं. मग ‘नकली पुरस्कार’ केलं, तर फसवणुकीची बातमी वाचतोय असं वाटायला लागलं. मराठीत याला नेमकं काय म्हणावं?

दोन्ही शब्द खटकले, हे तुमचा कान शाबूत असल्याचं लक्षण. खरी अडचण ‘मॉक’मध्ये आहे. या एका शब्दात दोन गोष्टी आहेत: एखाद्या गोष्टीसारखं दुसरं उभं करणं आणि एखाद्याला हसणं. डिझाइन करणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातला ‘मॉकअप’ हा शुद्ध पहिल्या अर्थाचा. साइट बांधण्याआधी ती कशी दिसेल याचं चित्र, एवढंच. त्यात कोणी कोणाला हसत नाही (क्लायंटनं तो पाहून काय म्हटलं तो भाग निराळा).

मराठीनं ‘मॉक’साठी एकच शब्द कधी ठरवला नाही, आणि ते बरंच झालं. मॉक कोर्टाला आपण ‘अभिरूप न्यायालय’ म्हणतो, मॉक टेस्टला ‘सराव परीक्षा’, आणि मॉक ड्रिल ही कधी ‘रंगीत तालीम’ असते तर कधी नुसता ‘सराव’. या सगळ्यांत हेतू गंभीर आहे, फक्त प्रसंग खरा नाही. म्हणून ‘अभिरूप पुरस्कार’ हा शब्द व्याकरणानं चोख असला तरी निर्जीव आहे. तो ऐकून वाटतं, खऱ्या पुरस्कार सोहळ्याची तालीम चालली आहे आणि माइक तपासताहेत.

दोन्ही अर्थ पोटात घेणारा एक शब्द मराठीत आहे, तो म्हणजे ‘नक्कल’. कागदाची नक्कल म्हणजे हुबेहूब प्रत. माणसाची नक्कल म्हणजे त्याच्या लकबी उचलून केलेली गंमत. अरबीतून आलेल्या या शब्दानं आपल्याकडे दोन्ही कामं आनंदानं पत्करली आहेत. गोची विशेषणात होते. ‘नक्कल’ला गंमत कळते, ‘नकली’ला कळत नाही. नकली दागिना, नकली नोट, नकली सही: सगळीकडे कोणाला तरी फसवायचं आहे. ब्लॉगरांच्या पुरस्कारात कोणालाच फसवायचं नव्हतं, म्हणून ‘नकली’ बाद. ‘बनावट’ आणि ‘तोतया’ याच न्यायानं बाद.

आता ‘उपहास’. चूक तिथेच झाली आहे, त्यामुळे थोडं थांबू. हसण्याच्या या शब्दांना मराठीत चढती भाजणी आहे. गंमत आणि थट्टा खालच्या पायरीवर. यांत ज्याच्यावर हसायचं तोही हसणाऱ्यांत सामील असतो. मस्करीही इथलीच, अरबी ‘मस्खरा’च्या कुळातली, पण ती कधी कधी अंगाशी येते. ‘मस्करीची कुस्करी’ उगाच झालेली नाही. ‘चेष्टा’ गमतीदार शब्द आहे: संस्कृतात त्याचा अर्थ हालचाल किंवा प्रयत्न, मराठीत तो थट्टेकडे सरकला, आणि आधी ‘कु’ लागला की विषारी होतो. पुढे टिंगल, टवाळी, खिल्ली. इथे हसणारे एका बाजूला आणि ज्याला हसतात तो दुसऱ्या बाजूला. उपहास त्याहून वर आहे. उपहास करणारा स्वतःला उंचावर समजतो. उपरोधाचं जरा वेगळं आहे. उपरोध ही बोलण्याची रीत आहे, तोंडानं एक आणि मनात दुसरं. तो थट्टेतही चालतो, उपहासातही. म्हणून अगदीच शास्त्रीय विशेषण हवं असेल तर ‘उपहासात्मक’पेक्षा ‘उपरोधिक’ मला परवडेल.

तुमच्या लेखातले पुरस्कार कोणत्या पायरीचे, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे: ज्याला तो मिळाला तो माणूस तो मिरवतो का? वेबवर मिरवण्यासाठी तर आकारही ठरलेले होते. ८८ बाय ३१ पिक्सेलची किंवा ८० बाय १५ पिक्सेलची चिमुकली बटणं लोक पानाच्या तळाशी नाहीतर कडेच्या पट्टीत लावत. रीडिझाइन सुरू करून ते अर्धवट सोडल्याबद्दल, किंवा ‘बरेच दिवस लिहिलं नाही, क्षमस्व’ अशा नोंदी सर्वांत जास्त लिहिल्याबद्दल मिळालेला पुरस्कार जर तो ब्लॉगर स्वतःच्या पानावर हौसेनं लावत असेल, तर ती थट्टा आहे. उपहास कोणी छातीवर लावून फिरत नाही.

वेबच्या जगात उपहासाचीही स्वतंत्र परंपरा आहे, आणि भेद कळायला ती उपयोगी पडते. व्हिन्सेंट फ्लँडर्स यांनी १९९६ मध्ये ‘वेब पेजेस दॅट सक’ ही साइट सुरू केली. वाईट डिझाइन दाखवून चांगलं डिझाइन शिकवायचं, अशी त्यांची भूमिका. ‘मिस्टरी मीट नेव्हिगेशन’ हा शब्दही त्यांचाच. माउस नेऊन टेकवल्याशिवाय दुवा कुठे जातो हे कळूच नये, अशा मेनूला त्यांनी दिलेलं हे नाव. त्यांच्या यादीत आपली साइट आली म्हणून कोणी पेढे वाटले नसतील. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हा शब्द रूढ केला आणि वापरणाऱ्याला गंडवणाऱ्या साइट चव्हाट्यावर मांडल्या. तिथे तर हसण्यापेक्षा रागच जास्त. तुमचे ब्लॉगर या दोघांच्या वाटेवर नाहीत. ते आपापसातले आहेत, आणि चुका सगळ्यांच्या सारख्याच आहेत.

एक उदाहरण घ्या. गोल कोपऱ्यांच्या अतिवापराबद्दल पुरस्कार, ही कल्पना आज कोणाला हसवणार नाही, कारण सीएसएसची, म्हणजे पान कसं दिसेल हे ठरवणाऱ्या भाषेची, एक ओळ लिहिली की कोपरे गोल होतात. पण इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही सोय २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीबरोबर आली. त्याआधी एका चौकटीसाठी चार कोपऱ्यांची चार चित्रं कापून जागेवर बसवण्याचा उद्योग करावा लागे. ज्यांनी रात्री जागून असे कोपरे कापले त्यांनाच या पुरस्काराचं हसू येणार, आणि त्यातल्या प्रत्येकाला तो मिळण्याचा धोकाही होताच. याला मराठीत ‘घरचा आहेर’ म्हणावंसं वाटेल, पण जपून. घरचा आहेर म्हणजे आपल्याच माणसानं चारचौघांत केलेली टीका, आणि ती घेणाऱ्याला झोंबते. इथे झोंबत नाही.

तर मग शब्द कोणता? माझं मत ‘लुटुपुटूचे पुरस्कार’. ‘मॉक फाइट’ला ‘लुटुपुटूची लढाई’ आपण न अडखळता म्हणतो. त्या लढाईत सगळं असतं: हल्ला, बचाव, हार, जीत. फक्त रक्त नसतं. लढणाऱ्या दोघांनाही ते ठाऊक असतं, हे महत्त्वाचं. ब्लॉगरांच्या या उद्योगात नामांकनं, परीक्षक, घोषणा असा सगळा सरंजाम असतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. शब्द जरा बाळबोध वाटेल, पण मला तो या कामासाठी गुणच वाटतो. (जाता जाता: नाव सुचवण्याला ‘नामांकन’ म्हणा. ‘मानांकन’ म्हणजे दर्जा किंवा क्रम ठरवणं, जसं टेनिसमध्ये होतं. दोन्हींची सरमिसळ इतकी वाढली आहे की ही भांडणं मी आता फक्त कंसात भांडतो.)

पण हा शब्द लेखाच्या वर्णनात वापरा, पुरस्काराच्या नावात घालू नका. माझ्या मते सगळ्यात मोठी मेख इथे आहे. थट्टेचा पुरस्कार स्वतःला कधीच थट्टेचा म्हणवून घेत नाही. आधी हसवणाऱ्या संशोधनाला १९९१ पासून दिला जाणारा ‘इग नोबेल’ नोबेलचं नाव तसंच ठेवतो आणि ‘इग्नोबल’, म्हणजे हीन, या शब्दावर कोटी करतो. पुरस्कार हातात ठेवायला खरे नोबेलविजेते येतात, आणि बक्षीस म्हणून झिम्बाब्वेची दहा लाख कोटी डॉलरची रद्द झालेली नोट दिल्याचंही जगानं पाहिलं आहे. वाईट चित्रपटांचा ‘गोल्डन रास्पबेरी’ १९८१ पासून सोनेरी आहे. विनोद सगळा थाटात आहे: भाषा सिंहासनावर आणि विषय पायपुसण्यावर. तेव्हा ‘सर्वोत्कृष्ट अर्धवट रीडिझाइन पुरस्कार’ असं भारदस्त, संस्कृताळलेलं नावच द्या. ‘गमतीदार अर्धवट रीडिझाइन पुरस्कार’ म्हटलंत की विनोद मेला. जीवनगौरव द्यायचा झाला तर मी ब्लिंक टॅगला देईन. अक्षरांची उघडझाप करणारी ही नेटस्केप या जुन्या ब्राउझरची करामत फायरफॉक्सनं २०१३ मध्ये काढून टाकली, आणि त्याच वर्षी गुगलनं आपल्या नव्या ब्राउझर इंजिनाला नाव दिलं ‘ब्लिंक’. त्या इंजिनाला हा टॅग चालत नाही.

नावांचं शब्दशः भाषांतर मात्र करू नका. रास्पबेरी म्हणजे इथे फळ नव्हे, ओठांतून जीभ काढून केलेला कुचकट आवाज. मराठीत त्याच्या सर्वांत जवळची आहे वाकुली. ‘सोनेरी वाकुली’ हे नाव कोणी अजून घेतलं नसेल तर घ्या. केंब्रिजमध्ये गणिताच्या परीक्षेत उत्तीर्णांमध्ये शेवटच्या आलेल्याला लाकडी चमचा देत. ही प्रथा १९०९ मध्ये संपली, पण ‘वुडन स्पून’ शब्द राहिला. त्याचं ‘लाकडी चमचा’ केलंत तर मराठी वाचकाला पुढाऱ्यामागे फिरणारा एखादा ताठर माणूस दिसेल.

कोटीच करायची तर मराठीत एक तयार आहे. ‘पुरस्कार’ म्हणजे पुरस् अधिक कार: पुढे करणं, पुढे आणणं. म्हणूनच आपण एखाद्या विचाराचा पुरस्कार करतो, आणि ‘पुरस्कर्ता’ म्हणजे पुरस्कार देणारा नव्हे तर त्या विचाराची बाजू घेणारा. याचाच भाऊ ‘तिरस्कार’: तिरस्, म्हणजे आड, बाजूला सारणं. ‘यंदाचे तिरस्कार जाहीर’ ही पाटी मला लिहायला आवडेल, पण आपल्या मित्रमंडळींसाठी नाही, फ्लँडर्स यांच्या यादीसाठी. ‘उपाधी’ही अशीच दुधारी: पदवीही तीच आणि नसती कटकटही तीच. ‘मानद उपाधी’ एवढं म्हटलं तरी काम होतं. आणि ‘किताब’ म्हणाल, तर तो पुस्तकाचा भाऊ नाही. पदवीवाचक किताब अरबी ‘खिताब’पासून आला, पुस्तकाचा वेगळा, मराठीत येऊन दोघे एकसारखे दिसायला लागले.

जुन्या शब्दांत ‘शेलापागोटे’ आहे. मुळात शेला आणि पागोटं देऊन केलेला सन्मान, आणि पुढे हाच शब्द ‘फिशपाँड’ या अर्थानं वापरला गेला. सन्मानाच्या शब्दानं थट्टेचं काम करायचं, हे मराठीनं आधीच करून ठेवलं आहे. पुरस्कार एखाद्या विशिष्ट ब्लॉगरला, त्याच्या खोडीवर नेम धरून दिला असेल, तर हाच शब्द पहिला. ‘सर्वांत जास्त ग्रेडियंट’ (एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा) सारख्या सरसकट वर्गाला तो जरा मोठा होतो.

शेवटचं, क्रियापदाकडे दुर्लक्ष करू नका. पुरस्कार ‘प्रदान करतात’ तो खरा. ‘लाभला’ म्हटलं की नम्रता आली, ‘पटकावला’ म्हटलं की स्पर्धा. ‘बहाल केला’मध्ये आज माझ्या कानाला तरी किंचित डोळा मिचकावलेला ऐकू येतो. ‘गळ्यात पडला’मध्ये तर उघड. विशेषणाला जे ओरडून सांगावं लागतं ते क्रियापद कानात सांगतं.

खऱ्या पुरस्कारांनाही हे साधतं. उत्तम साइटना मिळणाऱ्या वेबी पुरस्काराच्या विजेत्यांना आभाराचं भाषण पाच शब्दांतच करावं लागतं. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांना २००५ मध्ये जीवनगौरव मिळाला तेव्हा, २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीतली फेरमोजणी गाजवून आलेला हा गृहस्थ पाच इंग्रजी शब्दांत म्हणाला की कृपा करून ही मतं पुन्हा मोजू नका. मराठीत ‘कृपया फेरमतमोजणी नको’ एवढ्यात भागतं, आणि वर दोन शब्द उरतात.

तुमचं वाक्य होतं: ‘वेब डिझाइन ब्लॉगर्सनी एकमेकांना उपहासात्मक पुरस्कार प्रदान केले व ते सर्वांनी हसतमुखाने स्वीकारले.’ मी ते असं लिहीन: ‘वेब डिझाइनवर लिहिणाऱ्या ब्लॉगर मंडळींनी आपापसात लुटुपुटूचे पुरस्कार बहाल केले, आणि ज्यांच्या गळ्यात ते पडले त्यांनी ते हौसेनं मिरवले.’