टाका पोटावरचा की पिशवीवरचा?

"लग्नाआधी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, नॉर्मल बाळंतपण होईल ना?" देवगडच्या पट्ट्यात गरोदर बायांच्या तपासणीला हा प्रश्न हमखास येतो. विचारते बहुधा सासू.

पावसाळ्यात एक सासूबाई दोन्ही सुनांना घेऊन आल्या. धाकटीचं अपेंडिक्स कॉलेजात असताना फुटलेलं, त्यामुळे पोट मधोमध उभं उघडावं लागलं होतं. व्रण चांगला ठसठशीत. "हिचा पॉट फाडलेला आसा. कळा इल्यार टाके उसवतले तर?" सासूबाईंचा जीव टांगणीला. थोरलीचं पहिलं सिझर, आता पुन्हा दिवस गेलेले. पण तिचा टाका खाली आडवा, सहज न दिसणारा. तिचा घोर कुणालाच नव्हता.

मला काळजी होती ती थोरलीची.

अपेंडिक्सच्या वेळी कापली जाते ती पोटाची भिंत. गर्भपिशवीला सहसा धक्का लागत नाही. वर्षानुवर्षं नीट भरलेला टाका कळांनी उसवत नाही, जोरही देता येतो. पोट वाढताना तिथे खाज येते, ओढल्यासारखं होतं, इतकंच. व्रणापाशी फुगवटा आला तर हर्निया आहे का ते पाहावं लागतं. अपेंडिक्स फुटलेलं असेल तर आतडी एकमेकांना चिकटलेली असू शकतात. म्हणून पोटात मुरडा, उलट्या आणि गॅस बंद असं एकत्र झालं तर घरी ओवा चावत बसायचं नाही. पुढेमागे सिझर करावं लागलं तरी डॉक्टरांना हे आधी ठाऊक हवं.

थोरलीची मात्र पिशवीच कापलेली. पिशवीच्या खालच्या भागात आडवा काप असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो आणि अशा चौघींपैकी साधारण तिघींना तो साधतो. कळांमध्ये पिशवीचा टाका सुटण्याचा धोका 200 मध्ये एखादीला. पण म्हणूनच बाळंतपण ऑपरेशन थिएटर आणि रक्ताची सोय असेल तिथेच. काप वरच्या भागात उभा असेल तर कळांची वाट न पाहता ठरवून सिझर. कातडीवरचा आडवा टाका पाहून आतला काप कळत नाही. ते कागदावर असतं.

कागद कुठे? नवऱ्याच्या मुंबईच्या खोलीत, ट्रंकेत! संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला: 'एलएससीएस'. म्हणजे काप खालचा. सोनोग्राफीत वारही (प्लॅसेंटा) जुन्या टाक्यापासून लांब होती. डॉक्टरांनी प्रयत्नाला हरकत घेतली नाही, पण कळा थांबल्यावरही पोट दुखत राहिलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर लगेच निघायचं, हे सासूबाईंकडूनही वदवून घेतलं.

धाकटी नॉर्मल बाळंत झाली. थोरलीचं बाळ शेवटपर्यंत आडवंच राहिलं, म्हणून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात तारीख ठरवून पुन्हा सिझर केलं. या वेळचा कागद सासूबाईंनी मुंबईला जाऊ दिला नाही.