वाचकांचे प्रश्न : डावा हात वर की उजवा?

जुन्या चीनच्या रीतिभातींवर सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (कराड) : स्नेहसंमेलनात सातवीची मुलं कन्फ्यूशस आणि त्याचे शिष्य असा प्रवेश करणार आहेत. नमस्कार कसा बसवायचा? कपड्यांत काय सांभाळायचं?

उत्तर : मूठ उघड्या पंजावर टेकवायची रीत आखाड्यातली. सिनेमामुळे तीच डोळ्यांत बसली आहे, पण शिष्यांना ती शोभणार नाही. उजवा हात सैल मिटून घ्या, त्यावर डावा पंजा झाका, कोपरं बाहेर काढून छातीपुढे हातांचा गोल करा आणि कमरेतून वाका. मुलं नुसती मान हलवतात, तेवढं तालमीत मोडून काढा. मुली असतील तर उजवा हात वर. डावी बाजू यांग, म्हणजे पुरुषाची नि उजेडाची मानलेली. शोकाच्या प्रसंगी हे सगळं उलटं होतं, म्हणून आनंदाच्या प्रवेशात हातांची अदलाबदल होऊ देऊ नका.

अंगरख्याचंही तसंच. घालणाऱ्याचा डावा पल्ला वर घ्यायचा आणि उजव्या काखेखाली बंदानं बांधायचा. उजवा पल्ला वर आला तर तो प्रेताचा पेहराव. मोबाइलवरच्या सेल्फीत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे तसा फोटो बघून कपडे शिवू नका. बंद असल्यावर चेन, बटणं लागत नाहीत.

प्रश्न (तासगाव) : चीनमध्ये आई-वडिलांच्या सेवेला फार मान होता म्हणतात. मुलं दिवसभरात नेमकं काय करायची? आणि आई-वडील चुकत असले तरी गप्प बसायचं का?

उत्तर : या गुणाला तिकडे 'श्याओ' म्हणतात. लिपीतलं चिन्हच बघण्यासारखं आहे : वर म्हातारा आणि खाली मूल. हान राजवटीत (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी) संकलित झालेल्या 'ली-जी' या आचारग्रंथात त्याचा दिनक्रम दिला आहे. कोंबडा आरवला की मुलगा-सुनेनं उठायचं, हात धुऊन, चूळ भरून, केस विंचरून थोरल्यांच्या खोलीपाशी जायचं. आवाज खाली ठेवून विचारायचं : कपडे उबदार आहेत की उकडतंय? कुठे दुखतंय का, खाज सुटलीय का? तसं असेल तर हलक्या हातानं चोळून, खाजवून द्यायचं. मग हात धुवायला पाणी. लहान्यानं खाली तस्त धरायचं, मोठ्यानं वरून पाणी ओतायचं, हात धुऊन झाले की पुसायला पंचा पुढे करायचा. आपल्याकडे लग्नात तस्तात पाय धुतात ते आठवा, पण हे रोजचं होतं. त्याआधीच्या झोउ राजवटीतल्या थडग्यांत कांस्याचं पसरट भांडं आणि तोटीचं भांडं अशी जोडी सापडते, ती याच कामाची. संध्याकाळी अंथरूण नीट करून द्यायचं, हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा बघायचा.

एवढं केलं की झालं, असं मात्र कन्फ्यूशस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) मानत नव्हता. पोटाला तर आपण कुत्र्या-घोड्यांनाही घालतो, आदर नसेल तर वेगळं काय केलं, असा त्याचा सवाल होता. अवघड काय, तर चेहरा, असंही तो सांगतो. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं कुणी अंथरुणाला खिळून आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तस्त कुणीही धरेल. ते धरताना कपाळाला आठी न पडू देणं, हे खरं कसाचं काम.

आता दुसरा प्रश्न. गप्प बसायचं नाही, सांगायचंच. श्वास आवरून, चेहरा प्रसन्न ठेवून, मऊ आवाजात. नाही ऐकलं तर मान आणखी द्यायचा आणि त्यांचा जीव खुशीत असेल तेव्हा पुन्हा विषय काढायचा. म्हणजे सांगणं सोडायचंही नाही आणि सूर चढवायचाही नाही.

आई-वडील गेल्यावरचा शोक 'तीन वर्षांचा' म्हणतात, तो मुळात २५ महिन्यांचा, पुढे २७ ठरला. अधिकारी असला तरी कामावरून उठून घरी यायचा. मूल पहिली तीन वर्षं आई-बापाच्या कडेवर असतं, त्याची ही फेड.

प्रश्न (वाई) : एकाच चिनी माणसाची दोन-दोन नावं का?

उत्तर : मुलाचं नाव जन्माचं. विसाव्या वर्षी डोक्यावर टोपी चढवायचा विधी होई, तेव्हा दुसरं नाव मिळे. मुलींच्या केसांत पंधराव्या वर्षी काटा खोवत. जन्मनाव आई-बापानं, गुरूनं घ्यायचं किंवा स्वतः नम्रपणे; बाकीच्यांनी दुसरं नाव वापरायचं. कन्फ्यूशसचं जन्मनाव च्यू, दुसरं चोंगनी. बापाचं नाव तर उच्चारायचंही नाही. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणाऱ्या पिढीला हे ओळखीचं वाटेल. थांग राजवटीतल्या (इ.स. ६१८ ते ९०७) ली ह या कवीच्या बापाचं नाव 'जिन्सू', वरच्या राजपरीक्षेचं नाव 'जिन्शी'. उच्चार जवळचे, म्हणून त्या परीक्षेला बसण्याची त्याची वाट अडवली गेली.

प्रश्न (मिरज) : दूध-साखर नसलेला जुना चिनी चहा घरी करून बघता येईल का?

उत्तर : येईल. आठव्या शतकात लू यू यानं चहावर ग्रंथ लिहिला, त्यातली कृती अशी. दाबून केलेली चहाची वडी विस्तवावर भाजायची, गरम असतानाच कागदात गुंडाळायची म्हणजे वास उडत नाही. गार झाली की दळून चाळायची. पाणी डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं शेवटी. माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आले की मीठ टाकायचं. कडेनं मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे चढले की एक पळी पाणी काढून ठेवायचं, बांबूच्या काडीनं भोवरा करून मधोमध पूड सोडायची. उकळी उसळली की काढलेलं पाणी परत ओतायचं, उकळी बसते आणि फेस टिकतो.

घरी २०० मिली पाण्याला ग्रीन टीची अर्धा चमचा बारीक पूड आणि मिठाचे चार कण पुरे. फेस न येण्याचं कारण बहुधा जाड पूड. मलमलीतून गाळून घ्या. कडू झाला तर उकळी जास्त झाली. आलं घालायचा मोह होईल, पण आलं, कांद्याची पात, संत्र्याची साल घालून उकळलेल्या चहाला लू यू गटाराचं पाणी म्हणतो. गरम असतानाच प्या. निवला की चहाचं सत्त्व वाफेबरोबर निघून जातं, असं त्याचं सांगणं आहे.