गुंडावरचं पान

चिनू,

मंगळवारी रात्री तू शाळेचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आलीस. त्यावर चार खणांची कोरी ढाल छापलेली होती आणि खाली लिहिलं होतं की सोमवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या घराण्याचं चिन्ह काढून आणायचं. तू विचारलंस, "आई, आपलं काय होतं? की आपलं काहीच नव्हतं? मग मी ओम काढू का?" मी पोळी तव्यावर टाकत होते. म्हणाले, "आपण शेतकरी माणसं. आपल्यात असलं काही नसतं." तू "बरं" म्हणालीस आणि गेलीस.

ते "बरं" दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. तुझ्या प्रश्नापेक्षा माझंच उत्तर मला जास्त लागलं. ते खरं नव्हतं आणि मी ते किती पटकन देऊन टाकलं! समोर बसून सांगायला गेले की मी लांबण लावते आणि तुझा चेहरा उतरतो, म्हणून लिहिते आहे. एका दमात वाचू नकोस. एखादा शब्द अडला तर बाबांना विचार.

आधी तुझ्या मैत्रिणीच्या त्या किल्लीच्या साखळीबद्दल. तिच्या आडनावाचा सिंह तिला दुकानात मिळाला म्हणालीस. इथल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या, नियमाने चिन्ह आडनावाचं नसतंच, ते एका माणसाचं असतं. एडिंबरामध्ये लॉर्ड लायन नावाचा अधिकारी असतो, त्याच्याकडे १६७२ पासूनची नोंदवही आहे. बापाचं चिन्ह थोरल्याकडे जातं, धाकट्यांना त्यात काही फरक करून आपलं वेगळं नोंदवून घ्यावं लागतं. म्हणजे तुझ्या वर्गात खरंखुरं नोंदलेलं चिन्ह असलेली मुलं जवळपास नसतीलच. हे तिला सांगून तिचा हिरमोड मात्र करू नकोस.

हे सगळं सुरू झालं बाराव्या शतकात. लढणाऱ्याचं तोंड शिरस्त्राणात झाकलं जाई, मग तो कोण हे ढालीवरून ओळखायचं. ११२८ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीने आपल्या जावयाला सोनेरी सिंहांची निळी ढाल दिली असं सांगतात. (जावयाचा मान तिकडेही होता.) पुढे रंगांचा नियमच झाला: सोनेरी आणि चंदेरी या दोन 'धातूं'पैकी एकावर दुसरा चढवायचा नाही, लाल, निळा, काळा, हिरवा अशा रंगांपैकी एकावर दुसरा रंग चढवायचा नाही. धातूवर रंग किंवा रंगावर धातू, म्हणजे लांबून उठून दिसतं. स्कॉटलंडचा सिंह बघ, सोनेरी जमिनीवर लाल.

हा नियम मी इथे पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू फुटलं, कारण तो मला आबांनी शिकवला होता. पांढऱ्या बैलावर गेरू, तांबड्यावर चुना.

पोळा तुला फोटोतून माहीत आहे. आदल्या संध्याकाळी आबा बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायचे, गरम पाण्याने खांदे शेकायचे आणि त्यांच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ज्या खांद्यावर जू असे तिथली कातडी जाड होऊन काळी पडलेली असायची. मला तिथे हात लावू देत. अजूनही माझ्या तळव्याला ती कातडी आठवते, चपलेच्या तळासारखी, फक्त गरम.

दुसऱ्या दिवशी नदीवर बैल धुऊन आणले की छाप मारायचं काम माझं. बाकीच्या घरी वाटी नाहीतर पेला रंगात बुडवून गोल छाप मारत. आमच्याकडे भेंडी. भेंडी आडवी कापली की आत पाच खणांचं फूल असतं, तू कापतेस तेव्हा बघतेसच. ते गेरूत बुडवायचं आणि सर्जाच्या पांढऱ्या पाठीवर ओळीने उमटवत जायचं. दुसरा कोसा तांबडा, त्याला चुन्याची फुलं. जोरात दाबलं तर फूल फुटतं, हळू दाबलं तर उमटत नाही आणि बैल मधेच कातडी थरथरवतो. दर पाच-सहा फुलांनी भेंडी मऊ पडायची, मग पुढचा काप. तोरणाखाली पन्नास-साठ जोड्यांची गर्दी, झडत्यांचा, म्हणजे पोळ्याच्या गाण्यांचा कल्ला, त्यात कुणाचा बैल सुटून पळाला तर लोक ओरडत, "भेंडीवाल्याचा हाय, धरा!" आमच्या घराला गावात तेच नाव पडलं होतं.

मग मी तुला "काही नसतं" असं का म्हणाले? विचार करते तेव्हा एक कारण सापडतं. तोरणाखाली कुणाची जोडी पहिली उभी राहायची हे ठरलेलं असे. आमची शेवटच्या टोकाला, उकिरड्याच्या बाजूला. दहा वर्षांची असताना मी आबांना विचारलं, "आपली जोडी समोर काहून नाई?" ते सर्जाचं बाशिंग घट्ट करत होते. म्हणाले, "बैलाले काय समजते समोर अन् मागं." मला समजत होतं. त्यांनाही समजत असणार. ज्यांच्या घरी बैलच नव्हते ती माणसं तर कडेला नुसती बघत उभी असत, आणि त्यांच्यात माझ्या बाकावरची मैत्रीणही असायची. चिन्हं, निशाणं, मान, हे शब्द ऐकले की मला आधी ते शेवटचं टोक आठवतं. म्हणून "आपली थोर परंपरा" असं काही तुझ्या गळ्यात बांधायला मन घेत नाही. पण तुझ्यापुढे रिकामी पाटी ठेवणं हेही बरोबर नव्हतं.

थोरामोठ्यांची चिन्हं आमच्या वऱ्हाडातही होती, हे मात्र शाळेच्या सहलीत कळलं. चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. त्याच्या शार्दूल दरवाजावर दगडात कोरलेले शार्दूल आहेत, हत्ती आहेत आणि दोन तोंडांचा पक्षी आहे, गंडभेरुंड. मी मान वर करून बघत राहिले आणि माझ्या हातातली शेव-मुरमुऱ्याची पुडी सांडली. तू गेल्या वर्षी व्हिएन्नात दोन डोक्यांचा गरुड पाहून म्हणालीस ना, "आई, तुझ्या किल्ल्यावर यांचाच पक्षी आहे"? त्यांचा नाही गं. दोन डोक्यांचा पक्षी फार जुना प्रवासी आहे. तक्षशिलेजवळच्या सिरकपमध्ये इसवीसनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तो एका स्तूपावर बसला होता. गाविलगडावर तो दक्षिणेकडून आला असावा. हा किल्ला १४२५ मध्ये बहमनी सुलतान अहमदशहाने बांधला. नंतर तो फतहउल्ला इमादुल्मुल्कच्या ताब्यात आला, ज्याने १४९० मध्ये वऱ्हाडात आपली इमादशाही उभी केली. हा फतहउल्ला मूळ विजयनगरच्या मुलखातला, लहानपणी लढाईत कैद होऊन आलेला, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. आणि गंडभेरुंड विजयनगरच्या नाण्यांवर आहे, पुढे तो म्हैसूरच्या वाडियारांनी घेतला, आज कर्नाटक सरकारच्या चिन्हात आहे. लहानपणी गाव सुटलेल्या माणसाच्या किल्ल्यावर त्याच्या गावाकडचा पक्षी. तो त्यानेच सांगून कोरून घेतला असेल असं मला वाटतं, आणि इथे राहायला आल्यापासून जास्तच वाटतं.

चांद्याच्या (चंद्रपूरच्या) मावशीकडे जाताना जटपुरा गेटमधून गाडी जाते, आठवतं? तू गर्दीला वैतागली होतीस. त्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. पुढच्या वेळी मान वर कर.

पण ती राजांची. आपल्यासारख्यांच्या घरात जे होतं त्याला देवक म्हणतात. प्रत्येक कुळाचं एक झाड, वेल किंवा एखादी वस्तू: कुणाचा उंबर, कुणाची वासनवेल, कुणाचा शंख, कुणाचं मोराचं पीस. एकाच देवकाची दोन घरं एकमेकांत लग्न करत नाहीत. लग्नाआधी त्या झाडाची डहाळी वाजतगाजत मारुतीच्या देवळातून आणून मांडवात बसवतात. आमचं देवक कळंब. नाल्याच्या काठाला कळंबाचं मोठं झाड होतं, आमच्या घरचं कुणी त्याला कुऱ्हाड लावत नसे. एका पावसाळ्यात त्याची फांदी मोडून पडली. सरपणाची टंचाई होती, मी ती ओढत घरी आणली. आजीने चुलीजवळ ती बघितली मात्र, तिचा चेहराच बदलला. "घरातल्या माणसाले चुलीत घालतं का वो?" म्हणाली आणि ओल्या लुगड्यानिशी ती फांदी परत नाल्यावर ठेवून आली. मला तेव्हा फार राग आला होता, कारण रात्रीच्या भाकरी धुरकटल्या त्या ओल्या तुराट्यांमुळे. आज त्या झाडाबद्दल मला आजीसारखं वाटतं का? सगळं तसं नाही वाटत. पण कळंबाचं पान दिसलं की मी हात लावल्याशिवाय पुढे जात नाही.

लग्न झालं आणि कळंब माझा राहिला नाही. तुझ्या बाबांचं देवक पंचपल्लव, आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ (गावोगाव यादी थोडी बदलते). रीतीप्रमाणे आता माझंही तेच आणि तुझंही. इकडची रीत फार वेगळी नव्हती. नवरा-बायकोची चिन्हं एका ढालीत शेजारी शेजारी मांडत, नवऱ्याचं मानाच्या बाजूला. इंग्लंडमध्ये बिनलग्नाच्या बाईला तर ढालच नसे, कारण ढाल लढणाऱ्याची. तिचं चिन्ह शंकरपाळ्याच्या आकारात काढत. तुझ्या शाळेने सगळ्यांना ढालच दिली हे मला आवडलं.

आता मुद्द्याची गोष्ट. दाराजवळ पितळेचा गुंड आहे, पाण्याचं मोठं भांडं, ज्यात आपण छत्र्या ठेवतो. मी सातवी पास झाले त्या वर्षी कापसाला बरा भाव मिळाला. आबा मला अंजनगावच्या बाजारात घेऊन गेले आणि त्यांनी तो गुंड घेतला. दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नावं घालणारा बसला होता, गुडघ्यात भांडं धरून, छोटी छिन्नी आणि हातोडी, टिंबाला टिंब जोडत. आपल्याकडे भांड्यावर नाव लागतंच. गावजेवणाला सगळ्यांची भांडी एकत्र होतात, परत ओळखायची कशी? पैसे अक्षरागणिक. आबांनी माझं नाव सांगितलं, मग त्यांचं. आडनावाला पैसे उरले होते, तरी ते थांबले. म्हणाले, "आडनाव राहू दे, ते बदलते. त्याच्या जागी एक पान काढा." त्या माणसाने विचारलं, कशाचं? आबा म्हणाले, कळंबाचं. त्याने पैसे अक्षराचेच घेतले.

मागच्या हिवाळ्यात म्युझियममध्ये काचेमागे चिनी मातीचं एक ताट होतं, मधोमध कुणाचीतरी ढाल रंगवलेली. अठराव्या शतकात इकडची श्रीमंत घरं आपल्या चिन्हाचं चित्र जहाजाने चीनला पाठवत आणि जेवणाचा अख्खा संच रंगवून मागवत. तू पुढे निघून गेलीस, मी तिथेच उभी होते. काय बघतेस म्हणून विचारलंस तेव्हा "काही नाही" म्हणाले. मी आबांना आणि त्या पायरीवरच्या माणसाला बघत होते.

सोमवारला अजून तीन दिवस आहेत. तू ओम काढ, युनिकॉर्न काढ, चार खणांत चार मांजरी काढ, माझी काही तक्रार नाही. तुझी ढाल आहे. पण वाटलं तर छत्र्या बाजूला काढून तो गुंड खिडकीशी आण. नाव गळ्याजवळ आहे, पान त्याच्या उजवीकडे. घासून घासून टिंबं पुसट झाली आहेत, नुसतं बघून दिसणार नाही, बोट फिरवलं की लागेल. पातळ कागद त्यावर घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. मी काल रात्री करून पाहिलं. देठाकडून सुरुवात कर. टोकाशी एक टिंब त्याचा हात चुकून बाहेर गेलं आहे, ते तसंच येऊ दे.

आई