मिठाच्या जोडीला साखर कशाला?

मे महिना आला की सोलापुरात वाचकांचे प्रश्नही उन्हाचेच येतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

जुळे सोलापुरातल्या एक गृहिणी विचारतात: उन्हातून आलेल्याला सासूबाई नुसतं मीठ घातलेलं पाणी देतात. साखर म्हणजे चोचले, असं त्यांचं म्हणणं. साखर खरंच लागते का?

लागते, आणि ती चवीसाठी नाही. लहान आतड्याच्या पेशीला एक खास दार आहे. मिठातल्या सोडियमचे दोन आयन आणि साखरेतल्या ग्लुकोजचा एक रेणू जोडीनं आले, तरच ते त्यांना आत घेतं. एकट्या मिठाला इतर वाटांनी थोडा शिरकाव मिळतो, पण हा हमरस्ता साखरेशिवाय बंदच. आत आलेलं सोडियम पेशीच्या मागच्या बाजूचा पंप रक्ताकडे ढकलतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि दर फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. पाण्यासाठी वेगळा पंप नाही. ते मीठ-साखरेच्या मागोमाग जातं.

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष आतड्यातून पाण्याचा लोट काढतं, तरी हे दार शाबूत राहतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत कालवलेलं साखर-मिठाचं पाणी रुग्णांना पाजलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. मला विज्ञानातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते: पेशीचं एक दार कुणीतरी नीट समजून घेतलं म्हणून लाखो पोरं जगली.

घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखर वाढवू नका, नाहीतर शरीरातलंच पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारा. माणूस बरळायला लागला, अंग तापून फणफणलं, तर पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सासूबाईंचं मीठ बरोबरच आहे, त्याला फक्त जोडीदार हवा.

पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार: मुलगी बारावीला आहे. डीएनए, आरएनए, रायबोसोम तिला समजावायला गेलो आणि मीच अडकलो.

अहो, हे तुमच्याइतकं सोपं दुसऱ्या कुणाला जाणार? जॅकार्डची चादर डोळ्यांपुढे आणा. मूळ नक्षी मागावर कधी येत नाही, येतात ती तिच्यावरून भोकं पाडलेली कार्डं. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि उभा धागा उचलला जातो. डीएनए म्हणजे केंद्रकात जपून ठेवलेली नक्षी, एमआरएनए, म्हणजे निरोप्या आरएनए, ही कार्डांची माळ, रायबोसोम हा माग. तो एका वेळी तीन अक्षरं वाचतो. त्या तिकडीला जुळणारं, वीसांपैकी एक अमिनो आम्ल टीआरएनए हा दुसरा आरएनए आणून देतो आणि ते साखळीत गुंफलं जातं. ही विणलेली साखळी म्हणजेच प्रथिन. या मागाची अणूअणूपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल आपल्या तमिळनाडूत जन्मलेल्या वेंकी रामकृष्णन यांना आणखी दोघांसह मिळालं.

उपमा एका जागी तुटते, तेही तिला सांगा. एक भोक चुकलं तर चादरीवर एक ठिपका चुकेल, ऊब तीच राहील. प्रथिनाचं तसं नाही, ते विणून झाल्यावर स्वतःच्या घड्या घालतं आणि त्या घडीवरच त्याचं काम ठरतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हेही प्रथिनच; त्याच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सिकलसेल तो हाच. डीएनएतलं चुकलेलं अक्षर एकच.

बार्शीहून, पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण: पळाल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे का?

नाही. ते तास-दोन तासांत संपतं. हृदय ते जाळतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं. अंतर हळूहळू वाढव.

अकरावीची विद्यार्थिनी: कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर विभाजन दिसतच नाही. नुसत्या चौकोनी पेशी दिसतात.

तू बहुतेक मूळ फार वरून कापतेस. विभाजन चालतं ते अगदी टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये, तिथे मूळ दुधाळ दिसतं. तेवढंच घे. ग्लासातलं पाणी रोज बदल, या उन्हात ते लवकर खराब होतं आणि मुळं मरतात. आम्लात नीट मऊ झालेलं टोक ॲसिटोकार्मिनमध्ये रंगव, स्लाइड दिव्यावर जरा शेक, मग टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ दाब. कव्हरस्लिप सरकू देऊ नकोस.

तरीही बऱ्याच पेशी तुला शांतच दिसतील, कारण पेशीचा बहुतेक वेळ तयारीत जातो, डीएनएची नक्कल काढण्यात. धीर धरून स्लाइड हळूहळू सरकवत राहा. मधोमध रांगेत उभ्या लालसर काड्या, म्हणजे गुणसूत्रं, दिसल्या की थांब आणि मोज. चांगली दबलेली पेशी असेल तर १६ भरतील.