बाबांचं क्रिएटिनिन १.६ आलंय, पण त्रास तर काहीच नाही!

प्रश्न : डॉक्टर, बाबा ६४ वर्षांचे आहेत, शुगर बारा वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, तरी रोज सकाळी पर्वती चढून येतात. परवा चेकअपमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची ती रक्ततपासणी, १.६ आलं. ते म्हणतात, लघवी भरपूर होते म्हणजे किडनी ठणठणीत. त्यात काकांनी व्हॉट्सॲपवर काहीतरी पाठवलं म्हणून दिवसाला पाच लिटर पाणी पितात आणि रात्री तीनदा उठतात. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून गोळी आणून खातात ती वेगळीच. घाबरायचं कारण आहे का?
– एक मुलगी, सदाशिव पेठ

उत्तर : घाबरू नका, पण बाबांचं ऐकूही नका. थकलेली किडनी पाणी बाहेर टाकत राहते, कचरा मात्र मागे ठेवते, त्यामुळे लघवी किती होते यावरून काहीच ठरत नाही. अंगावर सूज, मळमळ, दम लागणं हे सगळं बहुतेक वेळा फार उशिरा दिसतं. नुसत्या क्रिएटिनिनवरही जाऊ नका, वय धरून हिशोब केला तर १.६ म्हणजे त्यांचा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, ४८ च्या आसपास येतो, आणि ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा जुना आजार म्हणतात. म्हणजे टेस्ट परत करायचीच, आणि सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे प्रोटीनची, एसीआर म्हणतात ती. शुगरवाल्यांची ही टेस्ट दरवर्षी व्हायला हवी, आणि नेमकी तीच राहून जाते.

आता ती गुडघ्याची गोळी. खरं सांगू का, मला शुगरइतकीच हिची भीती वाटते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही असेल तर किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यात बीपीच्या काही गोळ्या सोबत असल्या की आणखी वाईट. स्ट्रिप घेऊन डॉक्टरांना दाखवा, बाबांच्या शब्दावर राहू नका ("साधीच गोळी आहे" हे मी रोज ऐकतो). बीपी साधारण १३०/८० च्या खाली, मीठ दिवसाला एक छोटा चमचा, त्यात लोणचं-पापड पण आलं बरं का. पाच लिटर पाण्याने किडनी धुतली जात नाही, तहानेप्रमाणे प्यायचं.

रात्री उठणं पाण्यामुळे असेल, शुगर जास्त असल्यामुळे असेल, पण या वयात प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, तीही बघायला हवी. धार बारीक झालीय का, जोर लावावा लागतो का, विचारा. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल तर दाब मागे किडनीपर्यंत जातो. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर किती उरते तेही मोजायला सांगा.

आणि पर्वती चालू ठेवा की, फक्त गुडघे दुखत असतील तर पायऱ्यांऐवजी सपाटीवर.

प्रश्न : सासूबाईंना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुना, दम लागणारा आजार) आहे, पंपाची (इनहेलरची) सवय लागते म्हणून घेत नाहीत.
– हडपसर

उत्तर : नाही लागत. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुफ्फुसात जातं. पंप कसा ओढतात ते डॉक्टरांसमोर करून दाखवायला लावा, निम्मं औषध घशातच राहतं लोकांचं. स्टेरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायची.