मोठ्या कुटुंबात वाढलेल्यांना लहानपणीचे कोणते कमी खर्चाचे पदार्थ आजही हवेसे वाटतात?

माझे उत्तर शेंगोळे, म्हणजे पिठाची कडी वळून रश्श्यात शिजवलेला पदार्थ. त्याखालोखाल ताकातल्या कण्या आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा.

माझे लहानपण बार्शीकडच्या एका खेड्यात, तेरा माणसांच्या घरात गेले. आजी-आजोबा, आई-वडील, चुलता-चुलती आणि आम्ही सात मुले. त्या घरात पदार्थांचे दोनच प्रकार होते, मोजता येणारे आणि न येणारे. भजी, पुरणपोळी, सणाच्या करंज्या यांची मोजणी होई आणि मोजणी झाली की भांडण ठरलेलेच असे. शेंगोळ्यांच्या पातेल्यावरून मात्र आम्ही कधी भांडल्याचे मला आठवत नाही. ऐन जेवणाच्या वेळी पाहुणा दारात उभा राहिला, तर चुलती मुकाट्याने तांब्याभर आधण त्यात वाढवी, मूठभर पीठ कालवून ओती, आणि चौदावे ताट कोठून आले हे कोणाच्या लक्षातही येत नसे.

शेंगोळे हुलग्याच्या पिठाचे करतात. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच आमचा हुलगा. हलक्या, मुरमाड रानात थोडक्या पावसावर तो येतो, म्हणून तो आमच्याकडे विकत आणावा लागत नसे. दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या आणि जिरे यांचे वाटण, मीठ, हळद आणि चमचाभर तेल घालून पीठ घट्ट मळायचे. मग पाण्याचा हात लावून एकेक वळकटी तळहाताखाली वळायची आणि तिची दोन्ही टोके जोडून कडे करायचे. हे वळण्याचे काम आम्हा मुलांकडे असे, त्यामुळे परातीत प्रत्येकाच्या हाताचा आकार वेगळा ओळखू येई. माझी कडी नेहमी एका बाजूला जाड आणि दुसरीकडे दोऱ्यासारखी होत.

पाणी लसणाच्या फोडणीवर ओतून खळखळ उकळल्याशिवाय शेंगोळे त्यात सोडायचे नाहीत आणि सोडल्यावर पहिली पाच-सात मिनिटे पळी अजिबात लावायची नाही. हे मला ठाऊक असण्याचे कारण असे की, एकदा आई रानातून यायच्या आत सगळे तयार ठेवण्याच्या उत्साहात मी ते कोमट पाण्यात सोडले आणि वर ढवळलेही. पातेल्यात नुसते पिठले उरले. आजीने ते चाखले, वरून कच्चे तेल घातले आणि सगळ्यांना भाकरीशी वाढले. टाकून देणे हा पर्याय त्या घरात नव्हताच. शेवटी परातीला चिकटलेले पीठ पाण्याने धुऊन तेही रश्श्यात जाई. रश्शाला दाटपणा येतो तो त्यानेच, त्यामुळे याला नुसती काटकसर म्हणता येणार नाही.

कण्यांविषयी थोडक्यात सांगतो. ज्वारी जात्यावर जाडसर भरडायची, पाखडायची आणि मीठ घालून ताक-पाण्यात मंद आचेवर शिजवायची. आजारी माणसाला पातळ, धडधाकट माणसाला घट्ट.

भाकरीच्या आठवणी मात्र सगळ्याच सुखाच्या नाहीत. 1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. घरची ज्वारी संपली होती आणि रेशनवर मिलो मिळे, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्या पिठाला चिकटपणा नसल्यामुळे भाकरी थापतानाच चिरत असे. आई उकळत्या पाण्यात पीठ मळून कशीबशी ती तव्यापर्यंत नेई. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तेथे मिळालेली सुकडी, म्हणजे मजुरांना वाटला जाणारा कोरडा खाऊ, धोतराच्या सोग्यात बांधून आमच्यासाठी आणत. मिलोच्या तुकडे पडलेल्या भाकरीचा कुस्करा मात्र बरा लागे, कारण ती आधीच मोडलेली असे. कांदा, मूठभर शेंगदाणे, लाल तिखट, वर पाण्याचा हबका मारून झाकण. दुष्काळ सरल्यावर घरची पांढरी भाकरी पुन्हा दिसू लागली, तरी आम्ही मुले ती मुद्दाम शिळी करून ठेवत असू.

आता आम्ही पुण्यात दोघेच असतो. हुलग्याचे पीठ येथे सहज मिळते, पण दोघांच्या मापाचे शेंगोळे मला आजवर साधलेले नाहीत. हात आपोआप सात-आठ जणांचे पीठ घेतो. पत्नीची त्याबद्दल तक्रार नाही, कारण रात्रभर रश्श्यात मुरून फुगलेले शेंगोळे सकाळी लोखंडी कढईत तेलावर परतले, की ते पहिल्या दिवसापेक्षा चांगले लागतात.